ट्राउटसाठी माशाच्या रूपातली फ्लाय: ठाण्यात बांधायची, तीर्थनमध्ये टाकायची

घोडबंदरचा गळ

मंडळी, हिमाचलला ट्राउटसाठी जाताना कोणत्या फ्लाय (गळावर केस-पिसं बांधून केलेले नकली किडे-मासे) न्यायच्या, हा प्रश्न इथे सीझन उघडला की येतोच. कोणीतरी पन्नास नावांची यादी टाकतं आणि नवा माणूस ती घेऊन खरेदीला निघतो. म्हणून हा स्वतंत्र धागा काढतोय.

माझं मत सरळ आहे. छोट्या माशाचं रूप घेतलेली एकच फ्लाय पुरते, क्लाउझर मिनो. रंग एक, लांबी एक, वजनं तीन. बाकी सगळं लक्ष ती विरळ बांधण्यावर आणि पाण्यात नीट चालवण्यावर द्यायचं.

ट्राउट लहान असते तेव्हा मुख्यतः किड्यांवर जगते. म्हणून फ्लाय फिशिंग म्हटलं की पाण्यावर तरंगणाऱ्या नाजूक फ्लाय डोळ्यांसमोर येतात. पण ब्राउन ट्राउट वाढत जाते तसा तिच्या खाण्यात माशांचा वाटा वाढत जातो. मोठ्या अंगाच्या ट्राउटला एकेक किडा वेचण्यात जितकी ताकद लागते, त्या मानाने एक पिल्लू गिळणं फार किफायतशीर. कुल्लूतल्या तीर्थन नदीच्या दगडांखाली लोच जातीचे बोटभर मासे असतात, स्नो ट्राउटची पिल्लं असतात, आणि ब्राउन ट्राउट स्वतःच्या जातीची पिल्लंही सोडत नाही. मोठी ट्राउट हवी असेल तर तिचं जेवण ओळखा.

आता फ्लाय. क्लाउझर मिनो ट्राउटसाठी तयार झालेलीच नव्हती. पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीवर बॉब क्लाउझर यांनी ती १९८७ मध्ये स्मॉलमाउथ बाससाठी बांधली. नाव दिलं फ्लाय फिशिंगचे नामवंत अमेरिकन लेखक लेफ्टी क्रे यांनी. आज ती नदीत, तळ्यात, समुद्रात सगळीकडे टाकली जाते. कारण तिच्या रचनेत आहे. डंबेलसारखे जड डोळे पुढच्या भागात बसवलेले असतात. लाइन ओढली की फ्लाय वर उचलली जाते, थांबलं की नाक खाली करून बुडते. जखमी पिल्लू साधारण असंच धडपडतं. शिवाय डोळ्यांच्या वजनाने गळ उलटा होतो, टोक वर राहतं आणि तळच्या दगडांत अडकणं खूप कमी होतं. तीर्थनसारख्या दगडगोट्यांच्या नदीत हा एकच गुण तिला निवडायला पुरेसा आहे.

बांधणी सविस्तर लिहितो, कारण सगळा खेळ इथेच आहे.

लांब दांड्याचा ८ नंबरचा गळ घ्या. व्हाइसमध्ये (गळ घट्ट धरणारा छोटा शिकंजा) बसवण्याआधीच पक्कडीने बार्ब, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा, दाबून टाका. कधीकधी दाबताना गळाचं टोक मोडतं, आणि ते मोडायचंच असेल तर पूर्ण बांधलेल्या फ्लायचं मोडण्यापेक्षा कोऱ्या गळाचं मोडलेलं बरं. दांड्यावर दोऱ्याचा एक थर द्या. पुढून साधारण एक तृतीयांश अंतर सोडून, दांड्याच्या वरच्या अंगाला डंबेल ठेवा. इंग्रजी आठच्या आकड्यासारखे तिरके वेढे द्या, आणि मग डंबेलच्या खालून पण दांड्याच्या वरून, आडवे गोल वेढे. हे आडवे वेढे आधीचे तिरके वेढे आवळतात. बहुतेकांच्या फ्लायचे डोळे फिरतात ते हे वेढे न दिल्यामुळे. बोटाने ढकलून बघा, हलले तर आणखी वेढे, मग फेविक्विकचा बारीकसा थेंब.

आता पांढरे केस. आगकाडीच्या जाडीची बट, त्याहून जास्त अजिबात नाही. टोकं मागे करून ती डोळ्यांच्या पुढे बांधा, डोळ्यांच्या मधल्या खाचेतून मागे न्या आणि डोळ्यांच्या मागे दोन-चार सैलसर वेढे द्या. मग गळ व्हाइसमध्ये उलटा करा. या बाजूला चमकीच्या चार-सहा पट्ट्या, त्यावर ऑलिव्ह किंवा मातकट तपकिरी केसांची तेवढीच बारीक बट, फक्त डोळ्यांच्या पुढे बांधलेली. हे केस गळाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी घेत मागे जातात. निमुळतं डोकं, गाठ, वर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात. पूर्ण लांबी ४ ते ५ सेंटिमीटर.

झाली की खिडकीसमोर धरा. केसांतून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. दिसत नसेल तर कात्री घ्या आणि मुळाशी थोडे केस कमी करा. विकतच्या फ्लाय जाड असतात कारण जाड फ्लाय पेटीत भरघोस दिसते. पाण्यात मात्र जाड झुपका प्रवाहाला अडतो, सावकाश बुडतो, आणि डोळ्यांना दिलेलं वजन फुकट जातं. बोटभर लोच पाण्यात पाहिलाय का कधी? अंगावर दिसण्यासारखं फार काही नसतंच. गडद पाठ, फिकट पोट, डोळा, बस.

तीन वजनं अशी: उथळ संथ पाण्यासाठी बीड-चेनचे हलके डोळे, गुडघाभर वाहत्या पाण्यासाठी लहान पितळी डंबेल, आणि खोल डोहासाठी त्याहून एक माप मोठं पितळी. शिशाचे डोळे स्वस्त मिळतात, पण घेऊ नका. तुटून तळाशी राहिलेलं शिसं पाण्यातल्या जिवांना आणि पक्ष्यांना विषारी असतं.

स्वाती_वाशी

दादा, उत्तम धागा. एक शंका. सगळे व्हिडिओवाले क्लाउझरला बकटेल म्हणजे हरणाच्या शेपटीचे केस वापरतात. आपल्याकडे हे चालतं का? आणि सामान कुठून घ्यायचं? मी सीवूड्सला राहते, जवळपास फ्लाय बांधायचं सामान ठेवणारं दुकान मला तरी दिसलं नाही.

घोडबंदरचा गळ

स्वातीताई, फार महत्त्वाचा प्रश्न विचारलात. बकटेल अमेरिकेतल्या व्हाइटटेल हरणाचं असतं. आपल्याकडे चितळ-सांबर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि रंगवलेले केस हातात घेऊन ते नक्की कोणत्या हरणाचे हे कोणी सांगू शकत नाही. मी त्या वाटेला जात नाही. बकरीचे केस अतिशय उत्तम चालतात, आणि या मापाच्या फ्लायला तर बकटेलपेक्षा मऊ असल्याने जास्त चांगले हलतात.

खाटिकाला सांगून ठेवलं की पांढऱ्या बकरीची शेपटी मिळते. हाड आणि मांस काढून टाका, कातडीची आतली बाजू सुरीने खरवडा, शॅम्पूने दोन-तीनदा धुवा, आतून मीठ चोळून सावलीत वाळवा. मीठ पाणी सोडतं, ते पुसून पुन्हा मीठ. कातडी कडक झाली की झिप पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे किडीची अंडी मरतात. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

चमकीसाठी राखीचं सामान. ठाणे बाजारपेठेत मणी, जर आणि लेसची दुकानं आहेत, तिथे राखीपौर्णिमेच्या आधी नुसती जरच जर असते. मोतिया रंगाची बारीक चपटी जर घ्या. गडद सोनेरी नको, ती पाण्यात डोळ्यांवर येते. तांब्याची तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मिळते. बीड-चेन म्हणजे जुन्या दिव्यांना ओढायला असायची ती गोळ्यांची साखळी, हार्डवेअरच्या दुकानात विचारा. दोन-दोन गोळ्यांचे तुकडे पक्कडीने तोडायचे. गळ, दोरा आणि पितळी डंबेल मात्र ऑनलाइनच मागवावे लागतील.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी. जुन्या विलायती फ्लायना डोळा म्हणून जे पिवळट ठिपक्याचं पीस लावायचे, ते आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं. हा पक्षी आपल्या सह्याद्रीतला आणि संरक्षित आहे. ट्रेकला गेल्यावर पीस सापडलं तरी तिथेच राहू द्या. गळालेलं मोरपीस देशात वापरायला हरकत नाही, पण निर्यातीला बंदी आहे, त्यामुळे परदेशातल्या मित्राला मोरपिसाची फ्लाय बांधून पाठवू नका.

कोपरी_पूर्व

विरळ बांधण्याबद्दल पूर्ण सहमत. ‘एकच फ्लाय’ याला मात्र माझा विरोध आहे.

वूली बगर विसरून कसं चालेल? रसेल ब्लेसिंग यांची १९६० च्या दशकातली फ्लाय, तीही पेनसिल्व्हेनियातलीच. माराबूची (मऊ, फुललेल्या पिसाची) शेपटी, शेनीलचं (केसाळ दोऱ्याचं) अंग, त्यावर कोंबड्याच्या पिसाचे वेढे. ती मासा वाटते, जळू वाटते, मोठी अळी वाटते. ट्राउटला काय वाटायचं ते वाटो, ती तोंड मारते. आणि मुख्य मुद्दा म्हणजे माराबू स्थिर पाण्यातही हलत राहतं. क्लाउझर ओढणं थांबवलं की बुडते, बुडली की तळ गाठते आणि मग मेल्यासारखी पडून राहते. नव्या माणसाला लाइन ओढायचा ताल जमेपर्यंत बगर जास्त मासे देते. बांधायलाही सोपी, उलटंपालटं करायची गरज नाही.

मडलर मिनोही आहेच. डॉन गॅपन यांनी १९३० च्या दशकात कॅनडातल्या निपिगॉन नदीवर बांधलेली, तळाशी राहणाऱ्या स्कल्पिन माशाची नक्कल. पण तिचं डोकं हरणाचे केस कातरून करतात, म्हणजे वर चर्चा झालेली अडचण आलीच. ती सोडून देऊ.

घोडबंदरचा गळ

कोपरीकर, बगरबद्दल तुमचं म्हणणं संथ पाण्यापुरतं मान्य. मुन्नार-निलगिरीकडच्या तलावात रेनबो ट्राउटसाठी जाणार असाल तर मीही बगरच बांधेन. पण तीर्थन वाहती आहे. तिथे फ्लाय पडून राहत नाही, पाणीच तिला हलवतं, आणि मग प्रश्न उरतो तो एकच: ती माशाच्या पातळीपर्यंत पोचते का? बगरचं अंग पाणी धरून ठेवतं आणि प्रवाह तिला वर उचलतो. विरळ क्लाउझर सरळ खाली जाते. नव्या माणसाचे मासे निसटतात ते फ्लाय दीड फूट वरून गेल्यामुळे, तालाचा नंबर त्यानंतर येतो.

सह्याद्री_ते_कुल्लू

मी बंजार-गुशैणी पट्ट्यात बऱ्याच वेळा राहून मासेमारी केली आहे, म्हणून पाण्यावरच्या गोष्टी लिहितो.

आधी परवाना. हिमाचलच्या मत्स्यविभागाचा परवाना दिवसाच्या हिशेबाने मिळतो, तो खिशात असल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटला बंदी असते, कारण हा विणीचा काळ. वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क आहे, २०१४ पासून जागतिक वारसा स्थळ. त्याच्या हद्दीतले नियम वेगळे, ते स्थानिकांना विचारून घ्या. मंडीकडून येताना औटला, बोगद्याच्या अलीकडे उतरायचं, तिथून लारजीमार्गे बंजार.

मार्च-एप्रिल आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर हे माझे आवडते महिने. मे-जूनमध्ये बर्फ वितळतो आणि दुपारनंतर पाणी चढून राखाडी होतं. तेव्हा पहाटेच उभं राहावं.

आता फ्लाय टाकण्याबद्दल. मोठ्या दगडाच्या मागे प्रवाह दुभंगतो आणि पाण्याचा एक शांत कप्पा तयार होतो. ट्राउट त्याच्या कडेला असते, वेगवान आणि संथ पाण्याच्या शिवेवर. फ्लाय त्या शिवेच्या वरच्या बाजूला, आडवी आणि थोडी प्रवाहाच्या दिशेने टाका. पडल्या पडल्या लाइनचं पोट वरच्या अंगाला उचलून ठेवा, म्हणजे प्रवाह लाइनला खेचणार नाही आणि फ्लायला बुडायला वेळ मिळेल. मग दोन छोटे झटके, हाताच्या वितीएवढे. थांबा. पुन्हा एक. थांबा. तोंड बहुतेक वेळा थांबल्यावरच मारलं जातं, लाइन सैल असताना. म्हणून रॉडचं टोक पाण्याला टेकलेलं आणि नजर लाइनच्या टोकावर.

आणि झटका लागला की रॉड वर उचलू नका! डाव्या हाताने लाइन सरळ मागे ओढा. रॉड उचलला आणि मासा चुकला तर फ्लाय पाण्याबाहेर उडते, खेळ संपला. लाइन ओढून चुकला तर फ्लाय फूटभरच सरकते, पळणाऱ्या पिल्लासारखी, आणि तीच ट्राउट पुन्हा येते. हे मी समोर पाहिलंय. दगडाखालून पिवळट पोटाची सावली निघाली, फ्लायला नाकाने ढोसलं, मागे फिरली, मी वीतभर लाइन ओढली आणि तिने वळून अख्खी फ्लाय तोंडात घेतली. पाणी इतकं स्वच्छ होतं की तिच्या अंगावरचे लाल ठिपके दिसत होते.

सोडायची असेल तर हात आधी ओले करा, मासा पाण्यातच ठेवा, कल्ल्यात बोट घालू नका. बार्ब दाबलेला असेल तर गळ मागे ढकलला की निघतो.

पहिलटकर_कळवा

सगळ्यांचे आभार. मी अगदी नवा आहे. रॉड कोणता घ्यावा आणि सराव कुठे करायचा? आमच्या बिल्डिंगमध्ये तर जागाच नाही.

घोडबंदरचा गळ

९ फुटी, ५ वेटचा रॉड (वेट म्हणजे रॉड किती जड लाइनचा ते सांगणारा आकडा), तरंगणारी लाइन, तिच्यापुढे साडेसात फुटी लीडर म्हणजे निमुळता पारदर्शक दोरा, आणि टोकाला ३एक्स जाडीची टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा शेवटचा बारीक तुकडा. जड फ्लायला यापेक्षा बारीक टिपेट नको.

सरावाला पाणी लागत नाही. कोणत्याही मैदानात सकाळी लवकर जा, क्रिकेटची पोरं यायच्या आत. गवतावरच करा, डांबर आणि काँक्रीटवर लाइनचं आवरण खरवडतं. जुन्या क्लाउझरचा गळ वळणापाशी तोडा आणि तीच बांधून सराव करा, नुसत्या लोकरीच्या तुकड्याने नको. जड डोळ्यांची फ्लाय हवेत वेगळी वागते. लाइनचा फास मोठा आणि उघडा ठेवायचा, मागे पूर्ण सरळ होऊ द्यायची, मग पुढे. घाई केली की फ्लाय डोक्यामागे येऊन आदळते. टोपी आणि चष्मा मैदानातही घाला. खाडीकिनाऱ्यावरून संध्याकाळचा वारा सुटतो, त्यात सराव केलात तर कुल्लूच्या दरीतला वारा अवघड वाटणार नाही.

दिवाळ्याचा_नाखवा

मी ट्राउट कधी पकडली नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. तुम्ही ज्या फ्लायचं वर्णन करताय तीच जरा मोठी करून मी खाडीतल्या जिताड्याला टाकतो. आमच्या घरात पाग आणि डोल ही जाळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, फ्लायचा रॉड माझ्या पुतण्याने आणला.

आमच्याकडे चारा म्हणजे बोयीची पिल्लं आणि कोळंबी. सुकती म्हणजे ओहोटी लागली की तिवरांमधून पाणी उतरायला लागतं आणि ही सगळी पिल्लं पाण्याबरोबर ओहोळातून बाहेर पडतात. जिताडा ओहोळाच्या तोंडाशी, सावलीला उभा असतो, प्रवाहाकडे तोंड करून. फ्लाय ओहोळातूनच बाहेर आली पाहिजे. उलट्या दिशेने ओढलेली फ्लाय तो बघत नाही, कारण पिल्लू कधी जोरदार पाण्याविरुद्ध त्याच्या तोंडाकडे येत नाही. तुमच्या नदीतही हेच असणार.

पाठ राखाडी, पोट पांढरं, गळ १/० चा स्टेनलेस, रॉड ८ वेटचा. पुढे जाड नायलॉनचा तुकडा लावा, जिताड्याच्या कल्ल्याची कड फार धारदार असते, बारीक टिपेट कापली जाते. आणि मोठा जिताडा सोडा. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे सगळ्यात मोठे मासे मारले तर अंडी घालणारेच संपले.

तिवरं तोडून वाट करू नका, मुळांवर पाय देऊ नका. होडीतून किंवा जेट्टीवरून टाका.

सह्याद्री_ते_कुल्लू

नाखवा, दिशेबद्दल अगदी बरोबर. तीर्थनमध्येही फ्लाय प्रवाहाबरोबर किंवा आडवी आली तरच तोंड लागतं. सरळ प्रवाहाविरुद्ध वेगाने ओढली तर लहान ट्राउट मागे लागतात, मोठी हलत नाही. एवढी वर्षं टाकतोय, पण पिल्लाच्या बाजूने विचार करून हे इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं.

स्वाती_वाशी

शेपटी मिळाली, धुतली, मिठात आहे. एकच विचारते, ऑलिव्ह रंग कसा द्यायचा? आणि नाखवाकाका, खाडीत वापरलेल्या फ्लाय गंजतात का?

दिवाळ्याचा_नाखवा

स्टेनलेस गळ टिकतो, साधा गळ दुसऱ्या दिवशी तांबडा होतो. घरी आल्यावर फ्लाय गोड्या पाण्यात बुडवून ठेवायच्या, पंख्याखाली वाळवायच्या, मगच पेटीत. ओली एक फ्लाय सगळी पेटी गंजवते.

घोडबंदरचा गळ

ताई, केस म्हणजे लोकरीसारखंच प्रथिन, त्यामुळे लोकरीचा किंवा रेशमाचा ॲसिड रंग घ्या. सुती कापडाचा रंग नीट धरत नाही. कोमट पाण्यात रंग विरघळवा, थोडं व्हिनेगर घाला, केस आधी साध्या पाण्यात भिजवून मग सोडा. उकळू नका, कातडी आकसून केस गळतात. हिरव्यात थोडा तपकिरी मिसळला की ऑलिव्ह येतो. ओले केस गडद दिसतात, म्हणून हवा त्यापेक्षा एक छटा गडद झाल्यावर काढा, वाळल्यावर बरोबर होईल. अर्धी शेपटी पांढरीच ठेवा, पोटाला तीच लागणार आहे.

कळव्याचे पहिलटकर आणि ज्यांना हाताने करून बघायचंय त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझ्याकडे दोन व्हाइस आहेत, केस आणि जर मी देईन. गळ आणि डोळे आपापले आणा, आणि गळ ८ नंबरचेच आणा.